मेंढी उतरवण्याआधी लेंडी बघा

मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगून टाकते. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, परजीवींच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीला काचपट्ट्या धुवायचे, मग लेंड्या गाळायला लागले आणि शेवटची पंधरा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजली. औषध डॉक्टर लिहायचे, पण आकडा माझ्या वहीतून जायचा. एवढं करून निवृत्त झाले, गोराईला सासरच्या घरी कायमची राहायला आले आणि पहिल्याच दिवाळीनंतर घाटावरच्या एका आठवडी बाजारातून सहा मेंढ्या आणल्या. विकणारा म्हणाला, "ताई, परवाच जंताचं पाजलंय." मी घरी येऊन वर आणखी एक पांढरं औषध पाजलं आणि संध्याकाळी मेंढ्या गावाच्या मोकळ्या शेतात सोडून दिल्या.

पुढच्या श्रावणात शेजारच्या मावशींच्या तीन शेळ्या गेल्या. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती, डोळ्याची आतली पापणी कागदासारखी पांढरी पडली होती. माझ्या सहा मेंढ्या मात्र खुशाल हिंडत होत्या. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीच सगळ्यांच्या लेंड्या गोळा केल्या, परळला नेल्या आणि जुन्या टेबलाशी बसून मोजल्या. माझ्या मेंढ्यांच्या लेंडीत अंडी होती, औषध पाजूनही होती. तेव्हापासून आमच्या बायकांच्या बचत गटाने नवीन जनावर आणायचं ठरवलं की पहिली विचारणा मला होते. आम्ही आता जसं करतो तसं खाली लिहिलंय.

आधी येतंय काय ते समजून घ्या

जंत पुष्कळ प्रकारचे असतात, पण मेंढीला मारणारा मुख्य एक. हिमॉन्कस. इंचभर लांबीचा, दोऱ्याएवढा बारीक, मादीच्या अंगावर तांबडा-पांढरा पीळ दिसतो. मेंढीच्या चौथ्या पोटात चिकटून तो रक्त पितो. एक जंत दिवसाला ०.०५ मिलिलिटर, म्हणजे थेंबभर. पण हजार जंत असले की दिवसाला ५० मिलिलिटर रक्त गेलं, आणि पंचवीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून दीड लिटरच्या आसपास रक्त असतं. गणित तुम्हीच करा. एकेक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांतून अळ्या तयार होतात, दवाच्या पाण्यातून गवताच्या पात्यावर चढतात आणि पुढच्या जनावराच्या तोंडात जातात. पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू.

ऊब आणि ओल. आमच्याकडे दुसरं आहे काय? जत-सांगोल्याच्या माळावर वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापते आणि अळ्या वाळून मरतात. मुंबईत नुसत्या चार महिन्यांत दोन हजारांच्या वर पडतो. धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दिवाळीनंतर ते कोकणात उतरतात, भात कापलेल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात आणि पाऊस यायच्या आत घाट चढून परत जातात. आपण मात्र मेंढी इथे बाराही महिने ठेवायला निघालोय, तेव्हा आपल्याला जास्त शहाणपण लागणार.

बेटावर राहणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो की मध्ये खाडी आहे, रोग येणार कुठून. गोराई, मनोरी, उत्तन मिळून हे धारावी बेट (झोपडपट्टीची धारावी वेगळी), पण भाईंदरवरून उत्तनच्या रस्त्याने टेम्पो थेट दारात येतो. जंत होडीची वाट बघत बसत नाही. उलट बेटाची अडचण अशी की चरायची जागा तेवढीच, सगळ्यांची एकच. एकाच्या मेंढीने घाण केली की ती सगळ्यांच्या शेळ्यांनी खाल्ली.

आमचे एक सर विद्यार्थ्यांना आइसलँडची गोष्ट सांगायचे. मी काचपट्ट्या पुसता पुसता ऐकायचे. १९३३ साली त्या बेटावर जर्मनीहून वीस काराकुल मेंढ्या आणल्या. दोन महिने वेगळ्या ठेवल्या, धडधाकट दिसल्या, मग वेगवेगळ्या शेतांवर वाटल्या. त्यांच्या अंगात फुप्फुसाचे आणि आतड्याचे सावकाश वाढणारे रोग होते. काही वर्षांत मेंढ्या मरू लागल्या आणि शेवटी रोग निपटायला लाखो मेंढ्या कापाव्या लागल्या. ते जंत नव्हते, पण मला पटलं ते हे की दोन महिने वेगळं ठेवलं होतं, आणि तरीही झालं. कारण ठेवलं फक्त नजरेखाली.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली ते सांगते. मी नुसते जंत आणले नव्हते, औषधाला न जुमानणारे जंत आणले होते. बाजाराच्या फेऱ्यात फिरणाऱ्या जनावराला जो तो तेच स्वस्त पांढरं औषध पाजतो, तेही अंदाजाने, वजनापेक्षा कमी. कच्चे जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. असे जंत कुरणात शिरले की गावातल्या प्रत्येक बाटलीचं पाणी झालं समजा.

कधी आणि कुठून आणायच्या

कार्तिक ते पौष. त्या आधी नको, आणि मे-जूनमध्ये तर अजिबात नको. आल्या आल्या पावसात सापडतात. बकरी ईदच्या तोंडावरही घेऊ नये. देवनारचा बाजार कापायच्या जनावरांचा आहे, चार राज्यांतली जनावरं तिथे एका दावणीला येतात. पाळायचं जनावर निवडायची ती जागा नव्हे.

शक्यतो एकाच मालकाच्या वाड्यातून, स्वतः जाऊन घ्या. तिथे तीन कामं करा. पहिलं, खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघा: लालगुलाबी हवी, फिकट असेल तर सोडून द्या. दुसरं, गेल्या सहा महिन्यांत कोणतं औषध पाजलं ते नावानिशी विचारा. बाटली दाखवा म्हणा. तिसरं, निदान दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या मागून घ्या. मालक हसेल. हसू दे.

जात कोणती घ्यावी यावर आमच्या गटात भांडणं होतात. दख्खनी काटक खरी, पण कोरड्या हवेतली. फलटणच्या निंबकर संस्थेने तयार केलेली नारी सुवर्णा आहे, तिला जुळी होतात, कारण त्या जातीत सुंदरबनातल्या गारोल मेंढीचं वाण आलंय. गारोल ही खरी बेटावरची मेंढी, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि हिमॉन्कसलाही बऱ्यापैकी पुरून उरते. तिचा तोही गुण नारी सुवर्णात उतरला असेल असं मात्र धरून चालू नका.

प्रवास सहा तासांहून लांबचा असेल तर पशुवैद्याचा दाखला नियमानेच लागतो. टेम्पो आदल्या दिवशी धुऊन घ्या, आधीच्या जनावराची लेंडी फळ्यांच्या फटीत राहते. विकणाऱ्याकडचा चारा किंवा अंथरलेलं गवत बरोबर आणायचं नाही, फुकट दिलं तरी नाही. उतरवल्यावर टेम्पोतला केर झाडून गोणीत भरा. खाडीत ढकलू नका.

तीस दिवसांचा गोठा

आमचा गोठा गावाच्या शेळ्यांपासून पन्नास पावलं लांब आहे, उताराच्या खालच्या अंगाला, म्हणजे तिथलं पाणी चराईकडे वाहत नाही. जमिनीपासून दोन फूट उंच बांबूचा माच, दोन बांबूंमध्ये बोटभर फट. लेंडी खाली पडते, मेंढीचं तोंड तिच्यापर्यंत जात नाही. अर्धं काम हा माचच करतो. चारा गव्हाणीत, पाणी बादलीत. खाली पडलेल्या लेंड्या रोज सकाळी उचलायच्या आणि वेगळ्या खड्ड्यात भरायच्या. खड्डा नीट तापला की अळ्या मरतात. हे खत पुढे वांग्या-मिरचीला घाला, चाऱ्याच्या शेतात नको. आणि हे काम स्वतःच्या शेळ्यांचं सगळं आटपल्यावर शेवटी करायचं, पाय धुऊन मग घरात.

पहिल्या दिवशी काही पाजू नका. जनावर दमलेलं असतं. पाणी, सुका चारा, सावली. आणि प्रत्येकीची लेंडी घ्यायची.

लेंडी घ्यायची म्हणजे जमिनीवरून उचलायची नाही. हातात मोजा घालून थेट गुदातून चार-पाच लेंड्या काढा, मोजा उलटा करून त्यातच गाठ मारा, हवा दाबून काढा, वर नंबर लिहा. फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. मुंबईच्या उकाड्यात चोवीस तासांत अंडी फुटू लागतात आणि मग मोजायला काही उरत नाही. मी पुड्या डब्यात भरते, बर्फाची पिशवी टाकते, होडीने बोरिवलीला आणि लोकलने परळच्या प्रयोगशाळेसाठी प्रभादेवीला उतरते. एकदा बायकांच्या डब्यात एका कोळणीने विचारलं, "काय गं, जेवणाचा डबा एवढा थंड?" मी खरं सांगितलं. पुढे दादरपर्यंत बसायला ऐसपैस जागा होती.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे (आमच्या गटाने वर्गणी काढून जुना घेतला) त्यांनी घरीही मोजावं, अवघड नाही. लिटरभर पाण्यात मीठ ढवळत राहा, तळाशी न विरघळता उरेपर्यंत. साधारण ३६० ग्रॅम लागतं. गोराईत मिठाला तोटा नाही. चार ग्रॅम लेंडी ५६ मिलिलिटर मिठाच्या पाण्यात कुस्करा, चहाच्या गाळणीने गाळा, ढवळत ढवळत ड्रॉपरने मॅकमास्टर काचपट्टीच्या (अंडी मोजायची, चौकटी आखलेली खास काचपट्टी) दोन्ही कप्प्यांत भरा, पाच मिनिटं थांबा. खारट पाण्यात अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांत चौकटीच्या आत दिसलेली अंडी मोजून पन्नासने गुणा, म्हणजे एका ग्रॅम लेंडीतली अंडी झाली. चहाची गाळणी मात्र वेगळी ठेवा, तिला लाल फडकं बांधा. आमच्याकडे एकदा घोटाळा झालाय.

औषध

दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला बोलवा. एकच औषध नको, निराळ्या कुळांतली दोन द्यायला सांगा. अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोल हे एक कुळ, लिव्हामिसोल दुसरं, आयव्हरमेक्टिन तिसरं, क्लोसँटेल चौथं. एकातून वाचलेला जंत दुसऱ्यात सापडतो. दोन्ही एकामागोमाग द्यायची, एका बाटलीत मिसळायची नाहीत. मात्रा डॉक्टरच ठरवतील. मी इथे मुद्दामच लिहीत नाही, कारण शेळीला आणि मेंढीला ती सारखी नसते, आणि क्लोसँटेल जास्त झालं तर जनावर आंधळं होतं. नुकत्याच फळलेल्या मेंढीला अल्बेंडाझोल चालत नाही, हेही डॉक्टरांना आठवण करून द्या. दूध-मटणासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

तुमच्या हातात आहे ते वजन. अंदाजाने सांगू नका. भंगारवाल्याकडे असतो तसला टांगता काटा आणा, मेंढीला गोणपाटाच्या झोळीत घाला आणि लटकवा. पाजताना डोकं फार वर करायचं नाही, नळी जिभेच्या मागच्या भागावर ठेवून सावकाश सोडायचं. घाई केली की औषध फुप्फुसात जातं.

औषधानंतर दोन दिवस माचावरून उतरवायचं नाही, कारण पोटात आधीच असलेली अंडी अजून पडत असतात. माझ्या सहा मेंढ्या मी त्याच संध्याकाळी सोडल्या होत्या.

चौदाव्या दिवशी पुन्हा लेंडी. हा दिवस सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच लोक टाळतात, कारण तोवर मेंढ्या तकतकीत दिसायला लागतात. अंडी पंच्याण्णव टक्के तरी घटायला हवीत. पहिल्या दिवशी १,२०० होती आणि आता ४०० आहेत, तर ऐकायला बरं वाटतं, पण ही घट ६७ टक्क्यांचीच आहे. म्हणजे औषध हरलं. अशी मेंढी सोडायची नाही. डॉक्टरांना आकडे दाखवा, कूळ बदला, पुन्हा चौदा दिवस थांबा. गेल्या वर्षी आमच्या अकरातल्या दोन अशा निघाल्या. एक तिसऱ्या औषधाने साफ झाली, दुसरी विकायची नाही म्हणून खाटकालाच दिली. दुसऱ्याच्या कुरणात पाठवणं बरोबर नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची तपासणी. सगळं नीट असेल तर सोडा, पण कुठे? इथे सगळे चुकतात. नव्या मेंढ्यांना खास राखलेलं स्वच्छ कुरण देऊ नका. जिथे गावच्या शेळ्या चरतात तिथेच सोडा. ऐकायला उलटं वाटतं. पण नव्या मेंढीच्या पोटात एखाद-दुसरा चिवट जंत उरलाच असेल, तर स्वच्छ कुरणात तो एकटाच राजा होतो, सगळी पिलावळ त्याचीच. गावच्या कुरणात आपले जुने, औषधाला भिणारे जंत असतात. त्यांच्या गर्दीत त्याचा वंश पातळ होतो. याच कारणाने गावच्या सगळ्या शेळ्यांना त्याच दिवशी सरसकट पाजायचं नाही. पुढेही पापणी बघून फिकट असेल तिलाच पाजा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता काढलाय, एक म्हणजे लाल, पाच म्हणजे पांढरी. पशुवैद्याकडून वापरायला शिकून घ्या. थोड्याच जनावरांच्या पोटात बहुतेक जंत असतात, त्यांना तेवढं गाठायचं.

बाकीचे पाहुणे

गोचीड, उवा, खरूज. तीस दिवसांत कानामागे, शेपटीखाली, जांघेत हात फिरवून बघा. लोकर झडून खपल्या दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा. डेल्टामेथ्रिनसारख्या औषधाने धुतलंत तर ते पाणी खाडीत किंवा तळ्यात जाऊ देऊ नका, मासे मरतात, आणि मग कोळीवाड्यातले लोक तुमच्याकडे येतील ते मेंढ्या बघायला नाही. धुण्याआधी भरपेट पाणी पाजा, तहानलेली मेंढी ते औषधाचं पाणी पिते.

कुत्रे. मेंढी मेली किंवा कापली तर डोकं आणि आतडी कुत्र्यांना टाकू नका. त्यातून कुत्र्याला पट्टकृमी होतो, त्याची अंडी गवतावर पडतात आणि मेंढीच्या मेंदूत फोड होऊन ती एकाच बाजूला गरगर फिरायला लागते. घरच्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. गावच्या भटक्यांचं आम्हाला अजून जमलेलं नाही.

लसी (पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत) याच तीस दिवसांत उरकून घ्या.

आणि यकृतातला चपटा कृमी. भातशेतीच्या गावात तो विसरून चालत नाही. तो गोगलगायीतून फिरतो, पाण्यातल्या लहान शंखाच्या गोगलगायीतून, आणि तळ्याकाठच्या गवतावर किंवा भाताच्या पाण्यात बुडालेल्या बुडख्यावर चिकटून बसतो. तळ्याला आम्ही काट्याचं कुंपण घातलं, पाणी बाहेर काढून दगडी डोणीत देतो. बदकं सोडली आहेत, ती गोगलगायी खातात. पेंढा खालचा हातभर छाटून वरचाच घालतो, तोही कडक वाळवून. नव्या मेंढीतून हा कृमी आला आणि तळ्यात आधीच गोगलगायी असल्या, तर पुढे किती वर्षं निस्तरावं लागेल सांगता येत नाही.

याची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. त्यामुळे वर सांगितलेल्या पद्धतीने कितीही मोजलं तरी दिसणार नाहीत. प्रयोगशाळेला "साक्याची तपासणी", म्हणजे तळाशी बसलेल्या गाळाची, वेगळी करायला सांगावी लागते. शिवाय अंगात शिरल्यापासून अंडी घालेपर्यंत त्याला तीन-चार महिने लागतात, म्हणजे तीस दिवसांच्या गोठ्यातून तो न दिसता बाहेर पडू शकतो. कार्तिकात आणलेल्या मेंढ्यांची ही तपासणी फाल्गुनात पुन्हा करा. तारीख वहीत आत्ताच लिहून ठेवा, शिमग्याच्या गडबडीत राहून जाते.